क्षेत्र सातमध्ये काहीच पिकत नाही

पेण, मंगळवार

पेणला लोक जातात ते पेणहून पुढे जाण्यासाठी. अलिबागचा समुद्र, मुरुडचा किल्ला, आणखी कुठली तरी कोळंबी. वाटेत गाडी थांबवून पापड आणि पोहे घ्यायचे आणि काच वर करायची. मी मात्र पेणचंच तिकीट काढलं, तेव्हा कंडक्टरने "पेणच ना?" असं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मी साताऱ्याचा. एका दूध संघात दुधातलं फॅट तपासायच्या विभागात आहे. सव्वीस वर्षं एकच काम केलं: दूध घालणारा सांगतो तो आकडा लिहायचा नाही, यंत्र दाखवतं तो लिहायचा. त्यामुळे मित्र फार झाले नाहीत. पण धाकटी बहीण सुनंदा हिच्या मते या गुणाचा जन्मात एकदा तरी उपयोग होणार होता, आणि ती वेळ आली होती. "दादा, तू ये. इथं सगळे बोलतात, मोजत कोणीच नाही," असं ती फोनवर म्हणाली.

सुनंदाचं सासर पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या सपाट पट्ट्यात. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण ज्या कागदासाठी मी गेलो त्या कागदातही ते नव्हतं. त्यात गावाला 'क्षेत्र सात' म्हटलं होतं. कागद म्हणजे अक्षय ऊर्जा उद्योग आणि आर्थिक विकास यांचा प्रादेशिक आराखडा, मसुदा. सुनंदाने तो फोनवर पाठवला होता आणि मी तो सगळा वाचला होता. माझ्या माहितीत असं करणारा मी एकटाच. मुखपृष्ठावर पवनचक्क्या, हिरवं कुरण आणि चरणाऱ्या गाई. गाई परदेशी, होल्स्टीन जातीच्या. पेण-रोह्यात अशी गाय कुरणात चरताना दिसली तर लोक तिला पाहायला रिक्षा करून येतील.

आत रोह्याच्या बाजूला सुटे भाग बनवणारे कारखाने आणि गोदामं दाखवली होती आणि पेणच्या बाजूला सौर उद्यान. उद्यान हा शब्द वाचून मला आधी बाकडी आठवली. नकाशात क्षेत्र सात पिवळ्या रंगात होतं आणि वर्णन असं: 'सपाट, सावलीविरहित, खारपड, नापीक, निर्मनुष्य.' या निर्मनुष्य जागेत माझी बहीण अठरा वर्षं नांदते आहे. त्या नापीक जागेत तिच्या सासऱ्यांचं साठ गुंठे भातशेत आहे, आणि घरातले वर्षाचे तांदूळ त्यातून येतात. सुनंदाचा नवरा प्रकाश डोलवीला कारखान्यात कंत्राटी कामाला जातो. पण कंत्राटाला मुदत असते, भाताला दरवर्षी पुन्हा मुदत मिळते, असा त्या घराचा हिशेब. साठ गुंठे पिवळ्या रंगात गेले तर सुनंदाच्या घरात उरते ती फक्त शिफ्ट.

गुरुवारी रोह्याला सुनावणी होती. हरकती तिथेच सांगायच्या होत्या.

एसटी स्टँडवर सुनंदा घ्यायला आली होती. घरी न जाता तिने मला आधी जोह्याला नेलं. गणपतीच्या आधीचे पाच-सहा महिने ती तिथल्या एका कारखान्यात मूर्ती रंगवायला जाते. डोळ्यांचं काम तिला देत नाहीत, ते मालक स्वतः करतो. तिच्या गावच्या काही बाया अजून तिथे देवीच्या मूर्तींवर होत्या आणि त्यांना रोह्याला चला म्हणून सांगायचं होतं.

अंगणात फळ्यांवर मूर्ती वाळत होत्या. एक बाई दर थोड्या वेळाने येऊन प्रत्येक मूर्तीला पाव वळण देत होती, म्हणजे ऊन सगळीकडून सारखं लागावं. मी घड्याळ लावून पाहिलं, चुकत नव्हती. पलीकडे शेवया वाळत होत्या, त्यापलीकडे कोणाची तरी गोधडी. आराखड्याच्या चौदाव्या पानावर 'या भागात सौरऊर्जेचा वापर नगण्य' असं वाक्य आहे. ते लिहिणारा बहुधा गाडीची काच खाली न करता गेला असावा.

मालक गप्पिष्ट होता. एका मंडळाने पुढच्या वर्षासाठी हरित ऊर्जेचा गणपती मागितला आहे, म्हणाला. प्रभावळीच्या जागी सौर पॅनेल आणि हातात मोदकाऐवजी पवनचक्की.

"मग करणार?" मी विचारलं.

"करू की. पण पवनचक्की हातात ठेवली तर मोदक कुठं ठेवायचा, ते त्यांनी अजून कळवलं नाय."

क्षेत्र सात, बुधवार

आमच्याकडे साताऱ्याला कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊ भावाशी बोलत नाही. इथे पाणी येऊ नये म्हणून सगळं गाव एकत्र होतं. शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहेत. मध्ये मातीचा बांध. बांधाला ठिकठिकाणी उघाडी, म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. या यंत्रणेला वीज लागत नाही, त्यामुळे आराखड्यात तिचा उल्लेख नाही.

सुनंदाचे सासरे, नाना, मला सकाळी बांधावर घेऊन गेले. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगात बंडी, पायात काही नाही. मी पायात चामडी चप्पल घालून गेलो होतो. तिसाव्या पावलाला डावी चप्पल चिखलात गेली ती गेलीच. नानांनी खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. निर्मनुष्य जागेत एक चप्पल तरी राहील."

शेतं पाहिली. भात पोटरीतून बाहेर आलं होतं, लोंब्या दुधात होत्या, दाणा दाबला की पांढरं यायचं. दुधाची परीक्षा मला येते, पण भाताच्या दुधाचं फॅट कसं काढतात ते माहीत नाही. मी बरोबर तीस मीटरची टेप नेली होती. नानांच्या शेताची एक बाजू मोजायला घेतली, तर पलीकडच्या शेतातल्या म्हाताऱ्याने हाक मारली, "पावणे, शेत मोजताय का सदरा शिवताय?"

मी नानांना सरळ विचारलं, इतकं भात उभं असताना त्या कागदात नापीक कोणी लिहिलं? नानांनी बांधाची एक भेग पायाने दाबली. मग म्हणाले, "मीच सांगितलं."

झालं होतं ते असं. दर दोन-चार वर्षांनी उधाणाला बांध कुठेतरी फुटतो आणि खारं पाणी शेतात शिरतं. मग तलाठी पंचनाम्याला येतो. तलाठ्याला 'थोडं गेलं' असं सांगितलं, तर वरच्या कचेरीत पोचेपर्यंत थोड्याचं काहीच होत नाही. म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या एक रीत ठरवली आहे: कागद घेऊन कोणीही बांधावर आला की सगळ्यांनी एकच सांगायचं, सगळं गेलं, काहीच पिकत नाही. मेमध्ये आराखड्याची पाहणी करणारे दोघे आले. शेतं रिकामी, भेगाळलेली. त्यांच्या हातात कागद होता, डोक्याला टोपी होती. त्यांनी विचारलं, इथे काय पिकतं? गावाने रीतीप्रमाणे उत्तर दिलं. सत्तेचाळीस जणांनी सह्या केल्या. नानांची पहिली, कारण नानांचं अक्षर चांगलं.

"त्यांनी इचारलं तसं आमी सांगितलं," नाना म्हणाले. "पाणी पन दिलं त्यांना. ताक दिलं."

"कशासाठी आलेत ते विचारलं नाही?"

"कागद घेऊन कोन चांगल्यासाठी आलाय आजवर, की इचारायचं?"

सव्वीस वर्षं मी पाहतो आहे, दूध घालणारा नेहमी जास्त सांगतो. कमी सांगून अडकलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. खाडीतला जिताडा हा मासा या भागाची शान आहे, तो मला टोपलीत दाखवण्यात आला. खायला मिळाला नाही, कारण पितृपक्ष चालू होता. शुक्रवारपासून नवरात्र, तेव्हाही नाही. इतक्या अचूक मुहूर्तावर येणारा पाव्हणा त्यांनी पाहिला नव्हता, असं सुनंदाच्या सासूबाई म्हणाल्या. जिताडा पुन्हा टोपलीतून शेजाऱ्याकडे गेला. शेजारी देवधर्माच्या बाबतीत एवढा काटेकोर नव्हता.

रोहा, गुरुवार

सुनावणी गुरुवारी अकराला. गुरुवारी सर्वपित्री अमावस्या. खारेपाटातलं शाळेत न जाणारं पोरही सांगेल की अमावस्येला साडेबाराच्या सुमारास मोठी भरती येते, आणि भाद्रपदाच्या अमावस्येची सगळ्यांत मोठी. त्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन बांधावर हजर असलाच पाहिजे. प्रकाश डोलवीला शिफ्ट बदलून घेतो, तीसुद्धा पंधरा दिवस आधी. आराखड्यात पुढच्या पंचवीस वर्षांचं ऊन मोजलेलं आहे, पण गुरुवारची भरती त्यांच्या लक्षात आली नाही.

त्यामुळे पुरुष बांधावर आणि रोह्याला निघालो ते आम्ही: अकरा बाया, नाना आणि मी. गाडी हमीदभाईंच्या टेम्पोची. हमीदभाईंची पेणजवळ पोह्यांची गिरण आहे. वडिलांच्या वेळेपासून ते क्षेत्र सातचं भात घेतात. एक मुलगा कुवेतला, दुसरा दोह्याला, गिरणीत स्वतः एकटे. मी पुढे त्यांच्याजवळ बसलो, नाना खिडकीशी, बाया मागे पोत्यांवर. कासू गावाच्या पुढे रस्ता जिथे संपून खड्डा सुरू होतो तिथे मागून सुनंदाची हाक आली, "हमीदभाई, पोती जपा हो, आमाला नाय जपलंत तरी चालंल."

"पोत्यात पोहे हायेत, भाभी," हमीदभाई म्हणाले. "ते आधीच चपटे हायेत, त्यांना काय होणार."

मी त्यांना विचारलं, जमीन गेली तर गिरणीचं काय? ते म्हणाले, मुलगे रोज फोनवर सांगतात, अब्बा, बंद करा आणि इकडे या. "तिकडं ऊनच ऊन. पॅनेल बी लावलेत म्हणे वाळवंटात, मैलच्या मैल. मी म्हटलं, बाबांनो, तुमच्याकडं वाळवंट हाय म्हणून लावलं. आमच्याकडं पॅनेल हाय म्हणून वाळवंट करतायत."

रोह्याच्या अलीकडचं वरसे लागलं. नव्या इमारती, प्रत्येकीच्या गच्चीवर पाणी तापवायच्या सौर टाक्या. मी एकोणीसपर्यंत मोजल्या, मग वळण आलं. नदीकाठी रोहा तसं टुमदार आहे, औद्योगिक वसाहतीचा वास वाऱ्यावर अवलंबून. त्या दिवशी वारा आमच्या बाजूने होता.

सभागृहात दोनशे चाळीस खुर्च्या. चोवीस गुणिले दहा, मी दोनदा मोजल्या. माणसं सदतीस, त्यातले आम्ही चौदा आणि आयोजकांचे नऊ. आधी नाश्ता झाला. पोहे, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. हमीदभाईंनी एक घास खाल्ला, बोटांनी एक पोहा उचलून उजेडात धरला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "माझेच."

मग आराखडा करणारा सल्लागार बोलायला उभा राहिला. तिशीचा तरुण, बोलणं गोड, पायात पांढरे बूट. पडद्यावर पुन्हा त्या होल्स्टीन गाई. त्याने सांगितलं की उपस्थिती कमी आहे, याचा अर्थ लोकांची मोठी हरकत नाही. सुनंदा बसल्या जागेवरून म्हणाली, "आज अमावस्या हाय. माणसं बांधावर हायेत."

"श्राद्धाला?" त्याने सहानुभूतीने विचारलं.

"नाय. उधाणाला."

त्याने मान डोलावली. कोणत्याही धार्मिक प्रथेविषयी आपल्याला आदर आहे असा त्याचा चेहरा होता.

मी हात वर केला. रोजगाराचा जो आकडा पान नऊवर आहे तो पान एकशे तीसवर दीडपट कसा झाला, असं विचारलं. तो म्हणाला, नऊवर प्रत्यक्ष आहे, एकशे तीसवर प्रत्यक्ष अधिक अप्रत्यक्ष. अप्रत्यक्ष म्हणजे काय? चहाची टपरी, वाहतूक, खानावळ. पॅनेल बसवून झाल्यावर क्षेत्र सातमध्ये कायम माणसं किती लागतील? पॅनेल धुवायला आणि राखण करायला काही लागतील, म्हणाला. काही म्हणजे किती? आकडा नंतर कळवतो म्हणाला. मग त्या काहींसाठी चहाच्या किती टपऱ्या लागतील, असं मी विचारणार होतो, पण सुनंदाने शर्ट ओढला.

व्यासपीठावर मधोमध एक अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी आतापर्यंत एक शब्द काढला नव्हता, नुसत्या लिहीत होत्या. मला त्या पहिल्यापासून बऱ्या वाटल्या, कारण त्यांच्या वहीत दोन रकाने आखलेले होते. त्यांनी नानांना पुढे बोलावलं आणि एक कागद दाखवला.

"बाबा, ही सही तुमची?"

"व्हय."

"यात लिहिलंय, जमिनीत काहीच पिकत नाही."

"व्हय."

"आणि आज म्हणता पिकतं."

"पिकतं. भात पिकतं, नंतर वाल होतो, पानी राहिलं तर मासे बी होतात."

"मग खोटं कोणतं?"

नाना म्हणाले, "खोटं नाय, बाय. ते पंचनाम्याचं होतं."

"हा पंचनामा नव्हता."

"आमाला वाटलं तोच."

सल्लागार हसला, आयोजकांचे नऊही हसले. नाना हसले नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या सुनंदाची मान खाली गेली होती. माझ्या मनात आलं की उठून सांगावं, पुढे बसलेल्या साहेबांच्या पोटात आता जे आहे ते क्षेत्र सातमधलं आहे. ते काम हमीदभाईंनी केलं. शांतपणे उभे राहिले आणि विचारलं, मॅडम, पोहे कसे होते? बाई म्हणाल्या, चांगले होते. "ते या नापीक जमिनीतले," हमीदभाई म्हणाले आणि बसले.

सल्लागाराने लगेच सहायकाला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. नंतर कळलं, त्याने लिहून घेतलं ते असं: 'रोहा-पेण पट्ट्यात अन्नप्रक्रिया उद्योगालाही वाव.'

बाई मात्र गंभीर होत्या. त्या म्हणाल्या, पोहे मी फायलीला लावू शकत नाही. माझ्यासमोर सत्तेचाळीस सह्यांचा कागद आहे आणि तुमच्या सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात 'पड' आहे. मोबाइलवर पीक नोंदवायचं होतं ते तुमच्यापैकी कोणी नोंदवलं नाही. (बांधावर नेटवर्क येत नाही, हे सुनंदाने सांगितलं. तेही त्यांनी लिहून घेतलं.) "मला एक सरकारी कागद आणून द्या, एकच, ज्यावर या जमिनीत पीक उभं आहे असं लिहिलंय. या महिन्याच्या आत. मी क्षेत्र सात नकाशातून काढते. नाही आणलात तर मला तुमचंच म्हणणं खरं धरावं लागेल."

इतकं सरळ वाक्य मी त्या दिवसात पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात सुनंदाचा फोन वाजला. प्रकाश होता. तिने ऐकलं, फोन ठेवला आणि नानांना म्हणाली, "उघाडीच्या दक्षिणेला फुटलाय."

बांध, गुरुवार दुपारनंतर

पोचलो तेव्हा ओहोटी सुरू झाली होती. बांधाला पंधरा-सोळा फुटांचं खिंडार, आणि त्यातून शेतात शिरलेलं पाणी आता सावकाश परत खाडीत जात होतं, जणू पाहुणचार घेऊन निघालेलं. सुनंदाचं शेत त्याच बाजूला.

रात्रीच्या भरतीच्या आत खिंडार बुजलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या फेरीत सगळंच जातं. काम कसं चालतं ते सांगतो, कारण आराखडे करणाऱ्यांनी पाहण्यासारखं आहे. कोणी हुकूम देत नाही. खाली चार जण चिखलाचे गोळे कापतात, मग माणसांची रांग लागते आणि गोळा हातोहात पुढे जातो. ज्याचं शेत बुडालं तो आणि ज्याचं कोरडं आहे तो, दोघं रांगेत शेजारी. रोह्याहून आलेल्या बाया टेम्पोतून उतरून चांगल्या साड्यांसकट रांगेत शिरल्या. मीही उभा राहिलो. माझ्या डाव्या हाताला प्रकाश, उजव्या हाताला सुनंदा. पहिल्या दहा गोळ्यांत मी तीन पाडले.

"दादा, मोजू नको, घे आणि दे," सुनंदा म्हणाली.

मी मोजत होतो हे तिला कसं कळलं, कोणास ठाऊक.

अंधार पडायला आणि खिंडार बुजायला एकच गाठ पडली. नाना बुजलेल्या जागेवर चढून उड्या मारून पाहत होते. पंचाहत्तरीच्या माणसाने उड्या माराव्यात अशी ती तपासणी. आमच्या विभागात तिला मान्यता मिळणार नाही, पण रात्रीच्या भरतीला बांध टिकला.

क्षेत्र सात, शुक्रवार

सकाळी तलाठी येणार असा निरोप होता. मी सहा वाजता टेप घेऊन शेतात गेलो. प्रकाश टेपचं दुसरं टोक धरायला आला, घटस्थापनेची गडबड सोडून. खारं पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथपर्यंत भाताच्या ताटांवर मातकट रेघ उमटली होती, त्यामुळे काम सोपं झालं. साठांपैकी बावीस गुंठ्यांत पाणी गेलं होतं. त्यातलं भात आता भरणार नाही. अडतीस गुंठे तसेच उभे. मी तीनदा मोजलं.

आकडा नानांना सांगितला. ते देवघरासमोर परडीत माती पसरून धान्य पेरत होते. त्यांनी मान हलवली आणि परडीतली माती सारखी केली.

तलाठी भाऊसाहेब नऊला आले. नानांच्या घरासमोरच्या आंब्याखाली टेबल टाकलं. चांगला माणूस, गावाला ओळखणारा. मोटारसायकलवरून उतरतानाच म्हणाला की काळजी करू नका, सगळ्यांचं पूर्ण नुकसान लिहितो. गाव रांगेत उभं राहिलं. ज्यांच्या शेतात थेंब शिरला नव्हता तेही उभे, कारण रीत ती रीत. वयाचा मान म्हणून नाना पहिले.

आता पेच असा होता. पूर्ण नुकसान म्हटलं तर भरपाई पूर्ण, पण मग कागदावर पुन्हा 'काही नाही' येणार आणि त्याच कागदाने रोह्यातल्या बाईंचे हात बांधले जाणार. पीक उभं आहे म्हटलं तर सरकारी कागद हातात येतो, पण भरपाई तुटपुंजी. आणि नानांनी एकदा सांगितलं की मागच्या कोणाला वेगळं सांगता येणार नव्हतं. मी टेप गुंडाळून बाजूला उभा राहिलो. शेत त्यांचं, सही त्यांची. सुनंदा ओटीवर उभी होती, हातात पाण्याचा तांब्या, आणि तो ती कोणालाच देत नव्हती.

भाऊसाहेबांनी लिहायला सुरुवात केली. "नाना, क्षेत्र साठ गुंठे. पीक भात. नुकसान पूर्ण. करा सही."

नानांनी पेन घेतलं नाही.

"बावीस लिवा," ते म्हणाले. "बावीस गुंठं गेलं. अडतीस गुंठं भात उभं हाय. तसं लिवा, उभं हाय."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "नाना, सगळं लिहिलं तर तुमचाच फायदा."

"मागल्या खेपी सगळं लिवलं. त्याचाच फायदा चाललाय."

मागे कोणीतरी हसलं, मग थांबलं. भाऊसाहेबांनी पेन उचललं आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: पीक भात, अडतीस गुंठे उभे. नानांनी सही केली, नेहमीसारखी, वळणदार. मग भाऊसाहेब म्हणाले, पुढचा.

पुढचा म्हणजे परवाचा तो सदऱ्यावाला म्हातारा. तो टेबलाशी आला, तोंड उघडलं आणि मिटलं. मग वळून माझ्याकडे आला आणि हात पुढे केला.

"पावणे, ती टेप द्या जरा."

त्याच्यामागे आणखी दोघे रांगेतून निघाले, मग पाच-सहा. पंधरा मिनिटांत टेबलासमोर कोणीच नव्हतं. सगळं गाव शेतात पसरलं होतं. टेपचं एक टोक इकडे, दुसरं तिकडे, आणि मधूनच भांडण, की माझी रेघ कुठवर आणि तुझी कुठवर. ज्यांना टेप मिळाली नाही ते पावलांनी मोजत होते. भाऊसाहेब आंब्याखाली पेन उघडं धरून बसले होते. सुनंदाने शेवटी त्यांना पाणी दिलं.

माझी साडेअकराची गाडी चुकली. हमीदभाईंनी दुपारी पेणपर्यंत सोडलं आणि पोह्यांची पिशवी दिली. घरी येऊन ती तोलली. दोन किलो म्हणाले होते, अडीच भरली. कमी सांगायची खोड तिकडे हमीदभाईंनाही आहे.

त्या पंचनाम्यांच्या नकला सुनंदाने रोह्याला नेऊन दिल्या आहेत. बाईंनी पोच दिली आहे. अंतिम नकाशा अजून आलेला नाही. टेपही अजून परत आलेली नाही. विचारलं तर सुनंदा म्हणते, गावात फिरते आहे, आता वाल पेरायचे आहेत ना.